गुंडाळीतली हवा

सगुणा मढवी कारखान्यात लागली ती साचे घासायला. साल सत्तावन्न. कळव्याच्या मिठागरात ती नवव्या वर्षापासून मीठ ओढत आणि वाहत आली होती. त्या वर्षी मालकानं ती राबायची तो आगराचा तुकडा विकून टाकला आणि पावसाळा सरल्यावर बोलावणं आलंच नाही. नवरा पंढरी खाडीत रेतीच्या होडीवर होता. घरात सासू मनुबाई आणि दोन मुली. हात बांधून बसणं सगुणाच्या स्वभावात नव्हतं. पूल ओलांडून ती ठाण्यात आली, चार ठिकाणी विचारलं, आणि चेंदणीच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये गुप्त्यांचा कारखाना होता तिथं तिला ठेवून घेतलं.

कारखाना कसला, दहा-बारा माणसांचा तो. विजेच्या पॅनेलमध्ये बसणाऱ्या गुंडाळ्या तिथं तयार होत. तांब्याची बारीक तार गुंडाळायची, तिच्यावर सुती पट्टी लपेटायची, ती गुंडाळी लोखंडी साच्यात बसवायची आणि वरून तापवलेलं डांबर ओतायचं. पण उन्हाळ्यात डांबर पाझरायचं. गिऱ्हाईक असलेल्या वीज कंपनीनं शेवटी कळवलं, की डांबर भरलेला माल यापुढे नको. गुप्ते नौपाड्यातले, मुंबईत शिकून आलेले इंजिनिअर. चुलत्यानं काढलेला कारखाना त्यांच्या गळ्यात पडला होता, आणि तो बुडू द्यायचा नाही असा त्यांचा निश्चय होता. त्यांनी खटपट करून परदेशी रेझिनचा परवाना मिळवला.

रेझिन दोन डब्यांतून आलं. एकात मधासारखं घट्ट, पिवळसर. दुसऱ्यात पातळ औषध, त्याला शिळ्या मासळीसारखा वास. दोन्ही मापानं मिसळली की एका दिवसात दगड होई, आणि तो दगड म्हणे विजेलाही आत येऊ देत नसे. साहेब त्याला रेझिन म्हणत. बाकी सगळ्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव चीक ठेवलं.

पहिल्या बारा गुंडाळ्या चिकात ओतल्या, सुकल्यावर साच्यातून काढल्या. दिसायला सुरेख. मग त्यांच्यावर मोठ्या दाबाची वीज सोडून पाहायची होती. पहिलीच लावली तर आत चट्ट आवाज झाला आणि ती गेली. दुसरीही गेली. बारांतल्या नऊ गेल्या. गुप्त्यांनी एक करवतीनं मधोमध कापायला लावली. आत हवेचे फुगे होते, मोहरीएवढे, काही हरभऱ्याएवढे. जिथं फुगा, तिथं विजेनं वाट काढली होती.

मिस्त्री दाजी म्हणाला, साचे ओले असणार. दाजी चेंदणीचा कोळी, वीस वर्षं लाँचच्या इंजिनांवर काढलेला, कामाचा पक्का. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. पण साचे घासून पुसून ठेवणारी एकटी सगुणा होती, तेव्हा बोट कुणाकडे आहे हे सगळ्यांना समजलं. गुप्ते तिच्याकडे वळले.

"सगुणाबाई, साचे नीट कोरडे करता ना?"

"साचं मी उन्हान ठेवतंय, साहेब. पानी नाय ऱ्हात त्यांत," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलेलं नाही हे तिला दिसलं. दुसऱ्या दिवसापासून साचे पुसायला दुसरी बाई, मालन, तिच्या जोडीला दिली. मालन पाचपाखाडीची, वयानं लहान, गरीब स्वभावाची. तिला सगुणावर नजर ठेवायला बसवलं होतं आणि त्याची तिलाच लाज वाटत होती. सगुणाला मात्र ही गोष्ट फार लागली. आगरात तिच्या कामाला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. घरी येऊन तिनं पंढरीला सांगितलं. तो म्हणाला, सोड ते काम. तेच तर तिला करायचं नव्हतं.

पुढच्या खेपेचे साचे मालननं पुसले. फुगे आलेच. सगुणाला बरं वाटायला हवं होतं, पण आपलं चुकलं असं कुणी म्हटलंच नाही. दाजी म्हणाला, मग हवाच दमट असेल.

तेव्हापासून तिनं एक केलं. फुकट गेलेल्या, कापलेल्या गुंडाळ्या भंगारात जायच्या, त्या ती शेडच्या मागच्या फळीवर मांडून ठेवू लागली. लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक खेपेच्या गुंडाळ्यांना वेगळ्या रंगाची चिंधी बांधायची. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खाऊन झाली की तिथं जाऊन बघत बसायची. फुगा वर आहे का खाली, कडेला आहे का तारेजवळ. मालनला वाटे, बाईला वेड लागलंय.

पहिली गोष्ट तिला दिसली ती चीक ढवळताना. ते काम दाजी करी, आणि तो लाकडी दांडा गरागरा फिरवी. दोन्ही औषधं एकजीव व्हायला हवीत, असं साहेबांनी सांगितलं होतं, म्हणून तो जीव तोडून फिरवी. भांड्यात फेस चढे. सगुणानं साहेबांना सांगितलं, की हवा तर इथंच आत जाते आहे. दाजीला ते आवडलं नाही. पण गुप्त्यांनी ढवळायचं काम तिच्याकडे दिलं. ती दांडा तळाला टेकवून, वर न काढता, सावकाश फिरवू लागली. भांड्याच्या कडा निपटायच्या, पुन्हा तळ. हाताला रग लागायची. वरचे मोठे फुगे कमी झाले. बारीक तसेच राहिले.

गुप्त्यांनी पुस्तकं काढली. घट्ट चिकातून फुगा वर येऊ शकत नाही, तो पातळ करायला हवा, म्हणून त्यांनी डबा गरम पाण्यात ठेवून तापवला. चीक पाण्यासारखा सळसळला, फुगे भराभर वर येऊन फुटले. सगळे खूश. त्यात दुसरं औषध घातलं, सगुणानं ढवळायला घेतलं, आणि दांडा जड होऊ लागला. भांडं हाताला चटके देऊ लागलं. ती साच्याकडे वळेपर्यंत त्यातून धूर निघाला आणि दांडा आतच उभा राहून गोठला. आख्खा डबा गेला. पुढचा डबा बोटीनं यायला दीड महिना होता. गुप्ते खुर्चीवर बसले. दाजीनं ते भांडं दांड्यासकट उचलून बाहेर ठेवलं.

त्या दीड महिन्यात गुप्त्यांनी हवा ओढायचा पंप आणला, कुठल्याशा प्रयोगशाळेनं काढून टाकलेला. दाजीनं जाड लोखंडी पिंप कापून त्यावर रबर बसवलं आणि वर काचेचं झाकण ठेवलं. भांड्यात चीक ठेवायचा, भांडं पिंपात, पंप चालू. हवा ओढली की चिकातले फुगे फुगून वर येतील आणि फुटतील, अशी योजना. नवा डबा आला. झाकण लावलं, पंप सुरू झाला. चीक वर यायला लागला. उतू जाणाऱ्या दुधासारखा पांढरा फेस भांड्याच्या काठावरून बाहेर आला, आणि कुणी पंप बंद करेपर्यंत नळीतून थेट पंपात शिरला. दुसऱ्या दिवशी पंप आतून दगड झालेला होता. दाजीनं तो खोलून, छिन्नीनं टवके काढून, पुन्हा फिरता करायला तीन आठवडे घेतले. त्या तीन आठवड्यांत तो सगळ्यांवर धुसफुसत असे.

सगुणाही चिडलेली असायची. घरी मुली काही विचारायला आल्या की खेकसायची. मनुबाईनं एकदा विचारलं, की त्या कारखान्यात असं काय आहे जे घरी घेऊन येतेस. सगुणाला नीट सांगता आलं नाही. फुगे आहेत, असं म्हटलं असतं तर म्हातारी हसली असती.

पंप चालू झाल्यावर यावेळी तिनं भांडं पावच भरलं. बाकीची जागा फेसाला. काचेला नाक लावून ती उभी राहिली. फेस वर आला, काठाशी आला, तिनं हात वर केला तसं दाजीनं थोडी हवा आत सोडली, फेस बसला. पुन्हा ओढली. पुन्हा चढला, पण कमी. चार-पाच वेळा असं झाल्यावर फेस उठायचाच थांबला. भांड्यात काचेसारखा स्वच्छ चीक राहिला, तळाचा डाग दिसेल इतका. दाजी स्वतःहून म्हणाला, "सगुणा, ह्यो तुजा हात." तिला ते फार दिवस पुरलं.

त्या दिवशी बारा साचे ओतले. सगळ्यांना खात्री होती. दुसऱ्या दिवशी वीज सोडली. सात गेल्या.

गुप्त्यांनी त्या दिवशी दुपारीच कारखाना बंद केला. जाताना दाजीला म्हणाले, की आता पुन्हा डांबराकडे जावं लागेल, निदान लहान गिऱ्हाइकांसाठी. एवढं सगळं करून चीक स्वच्छ होता, तरी आत फुगे कुठून येतात हे त्यांना समजत नव्हतं, आणि पुस्तकातलं सगळं करून झालं होतं.

सगुणा मागे राहिली. सात कापल्या जायच्या होत्या, त्या तिनं दाजीकडून कापून घेतल्या आणि फळीवरच्या जुन्या गुंडाळ्यांशेजारी ठेवल्या. जुन्यांत फुगे सगळीकडे होते. या सातांत कडेला एकही नव्हता. जे होते ते सगळे तारेला, सुती पट्टीला चिकटून. ती बराच वेळ बघत राहिली. मग न ओतलेली एक कोरी गुंडाळी उचलली आणि पाण्याच्या बादलीत बुडवली.

गुंडाळीतून बुडबुडे निघाले. बारीक, एकामागून एक. दाजी पाय धुऊन निघायच्या तयारीत होता, तोही थांबून बघू लागला. अर्धा तास झाला तरी ते निघतच होते.

दुसऱ्या दिवशी साहेब आल्याबरोबर तिनं बादली त्यांच्या टेबलाशी नेऊन ठेवली आणि तिच्यात दुसरी कोरी गुंडाळी बुडवली. "साहेब, हवा चिकान नाय. गुंडालीन हाय."

गुप्ते बादलीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला.

त्यानंतरचं काम महिनाभर चाललं. गुंडाळ्या ओतण्याआधी भट्टीत आख्खा दिवस भाजायच्या, म्हणजे सुतातलं दमटपण जातं. साचा कोमट ठेवायचा. चीक मधून ओतायचा नाही. साचा थोडा कलता धरायचा आणि एका कोपऱ्यातून, दोऱ्यासारखी बारीक धार, म्हणजे चीक तळापासून चढतो आणि हवेला पुढं ढकलत नेतो. भरलेला साचा पुन्हा पिंपात ठेवून हवा ओढायची, खाली गेलेली पातळी पुन्हा भरायची. बारीक धार धरणं सगळ्यांत अवघड होतं. दाजीचा हात थरथरे. मालनची धार तुटे, आणि तुटलेली धार पुन्हा पडताना हवा घेऊन जाई. सगुणाची धार तुटत नसे. अठ्ठावन्नच्या डिसेंबरात बारापैकी अकरा गुंडाळ्या तपासणीतून पार झाल्या. वीज कंपनीचा माणूस आला, त्यानंही पाहिलं, माल घेतला. ज्या कळव्यात ती राहत होती तिथल्या तिच्या आळीत वीज आलेली नव्हती, हे तिनं त्याला सांगितलं. तो म्हणाला, येईल.

तिच्या हातांना खाज सुटायला जानेवारीत सुरुवात झाली.

आधी बोटांच्या बेचक्यांत. तिनं लक्ष दिलं नाही. मिठागरात पायांना, हातांना भेगा पडत, मीठ झोंबे, तरी काम थांबत नसे. तिच्या हातांना काही होऊ शकतं हे तिच्या डोक्यातच नव्हतं. चिकानं माखलेले हात सगळेच पातळ थिनरनं पुसत. तीही पुसत होती. मग पुरळ आलं, फुटलं, त्यातून पाणी वाहू लागलं. ती खोबरेल लावून फडकं गुंडाळून यायची आणि दारात फडकं काढायची. फेब्रुवारीत एका सकाळी उठली तर डोळे उघडेनात. पापण्या सुजून मिटल्या होत्या. मनुबाईनं कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी काढलं, नजर उतरवली. पंढरीनं होडी सोडून तिला ठाण्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी ती काय काम करते ते विचारलं. चिकाचं आणि मासळीच्या वासाच्या औषधाचं तिनं सांगितलं. ते म्हणाले, की हात लावणं बंद, त्या खोलीत जाणंही बंद. तिनं विचारलं, किती दिवस.

"दिवसांचा प्रश्न नाही, बाई. शरीरानं एकदा ही वस्तू ओळखली की ते विसरत नाही."

तिला ते खरं वाटलं नाही. दोन महिने घरी काढले. हात भरून आले, कातडी नवी, गुलाबी झाली. एप्रिलात ती कुणाला न विचारता कारखान्यात गेली, आणि मालनच्या हातून भांडं घेऊन ढवळायला लागली. गुप्त्यांनी ठाण्याच्या दुकानातून रबरी हातमोजे आणून ठेवले होते, ते तिनं घातले होते. दोन तासांत मान लाल झाली, मग गाल, मग डोळे. वासानंच. दाजीनं तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि नळाखाली बसवलं. ती रडली नाही. पण हातमोजे काढून तिनं इतक्या जोरात फेकले, की ते पत्र्यावर जाऊन आपटले.

ओतायचं काम मालनकडे गेलं. सगुणानं तिला शिकवायचं ठरलं, पण आत न जाता. शेडच्या खिडकीला काच होती, तिच्याबाहेर उभं राहून. बाहेरून ती सांगे, कलतं धर, धार बारीक कर, थांबू नको. आत भट्टीचा, पंपाचा आवाज. मालनला अर्धं ऐकू जात नसे. धार तुटताना सगुणाला दिसायची, आणि ती काचेवर बोटं वाजवायची, तोवर तुटून गेलेली असायची. एकदा मालननं वैतागून भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, की मला तुझा हात नाही, मी काय करू. सगुणा निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन उभी राहिली.

गुप्त्यांनी सगळी कृती कागदावर लिहून भिंतीला चिकटवली. मालनला वाचता येई. तिनं खिडकीत येऊन ती सगुणाला वाचून दाखवली. सावकाश ढवळावे. बारीक धारेने ओतावे. फेस बसेपर्यंत हवा ओढावी. सगुणानं विचारलं, सावकाश म्हणजे किती? बारीक म्हणजे किती? मालननं कागद पुन्हा पाहिला. त्यात ते नव्हतं. सगुणाला त्या कागदाचा राग आला, आणि साहेबांचाही. जे तिच्या मनगटात होतं ते कागदावर आलं नव्हतं, आणि मनगट तर काचेच्या या बाजूला होतं.

तिनं काम सोडलं नाही. गुप्त्यांनी तिला पुढच्या खोलीत, तार गुंडाळायच्या टेबलावर बसवलं. तिथं चिकाचा वास पोचत नसे. तार, सुती पट्टी, मोजून वेढे. काम तिला रुचत नव्हतं. दिवसभर बसून कंबर धरे आणि मन मागच्या शेडमध्ये असे. गुंडाळी हातून गेली की पुढं तिचं काय होतं ते तिला दिसत नव्हतं, फक्त महिन्याच्या शेवटी किती गेल्या एवढं कळे. बारांत कधी दोन, कधी तीन.

एकोणसाठच्या पावसाळ्यात पाच गेल्या, मग सहा. गुप्त्यांनी पंपावर शंका घेतली. दाजीनं तो पुन्हा खोलला, तीन दिवस काम बंद. पंप ठीक होता. सगुणा टेबलावरून उठली, भट्टीपाशी गेली आणि दाजीला विचारलं, की गुंडाळ्या किती वेळ भाजता. दाजीनं आधी टाळलं. मग सांगितलं, की माल लवकर हवा म्हणून साहेब मागे लागले, तेव्हापासून दोन-तीन तासच.

ती गुप्त्यांकडे गेली. रागानं तिचा आवाज चढला होता. आख्ख्या कारखान्यानं तो पहिल्यांदा ऐकला.

"भट्टी माज्या हाती द्या. मी देईन तवाच गुंडाली आत जाल. नाय तर मना घरी जाव द्या."

गुप्ते म्हणाले, की माल उशिरा जाईल. ती म्हणाली, जाऊ द्या. शेवटी नाखुशीनं ते म्हणाले, बरं.

त्यानंतर भट्टी पुढच्या खोलीत हलवली. सगुणा गुंडाळ्या आदल्या दिवशी भट्टीत लावी, दुसऱ्या दिवशी एकेक काढून, दमटपणा उरलाय का ते गालाजवळ धरून बघे, आणि मग गरम असतानाच फडक्यात गुंडाळून मालनच्या हाती देई. कुणी घाई केली तर परत आत ठेवी. दाजी तिला थट्टेनं भट्टीवाली म्हणू लागला. तिला ते आवडलं नाही, पण त्यानं सोडलं नाही.

बारांतली एक तरीही जात राहिली. का, ते कुणालाच सांगता आलं नाही. मालन गेलेली गुंडाळी कापून धुऊन काचेपलीकडे धरी, इकडून तिकडे फिरवी. सगुणा फुगा शोधी. कधी तो तारेजवळ असे, आणि मग ती भट्टीकडे परत जाई. कधी तो कडेला असे, मालनच्या धारेतला. तेव्हा ती काचेवर बोटानं जागा दाखवी आणि मालन मान खाली घाली. आणि कधी कधी फुगा कुठंच दिसत नसे, तरी गुंडाळी गेलेली असे. तेव्हा मालन ती पुन्हा एकदा फिरवून दाखवी, आणि मग दोघीही आपापल्या कामाला जात.